तीनशे ऐंशी रियालांचं पनवेल

पनवेल,
३ एप्रिल २०११

माझी गुणी सून शाजिया हिला सासूचा सलाम आणि पोटभर दुआ. इमादलाही सलाम सांग, आणि रय्यान-मिस्बाहचे दोन-दोन पापे घे (मिस्बाहचे तीन घे, ती मोजते). तुम्ही चौघं खुशाल असाल अशी उमेद करते. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे माझे गुडघे जिना चढताना कुरकुरतात आणि उतरताना भांडतात, तुझ्या अब्बांची साखर वाढली आहे (का वाढली ते पुढे येईल, तिथे हसू नकोस), पुढच्या गाळ्यातला शैलेश टेलर भाडं वेळेवर देतो आणि माझे कपडे कधीच वेळेवर देत नाही, आणि पनवेलला विमानतळ होणार होणार म्हणतात ते अजून होणारच आहे. अब्बांनी गच्चीवरून जागा हेरून ठेवली आहे. म्हणतात, विमान तिथे उतरू लागलं की आपली मुलं रिक्षासुद्धा न करता चालत घरी येतील. मी म्हटलं, बॅगा कोण उचलेल? तेव्हापासून ते गच्चीवर एकटेच जातात.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. अगं, फोनवर अब्बा स्पीकर लावतात आणि तू मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं स्वतः देतात. माझं डोकं दुखतं का, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. शिवाय शेजारचा झुबेर मंगळवारी मस्कतला निघालाय आणि त्याने आपल्या बॅगेत दोन किलो जागा दिली आहे. (मागच्या खेपेला माझं कोलंबीचं लोणचं कस्टमने काढून घेतलं म्हणाला होता. कस्टमवाल्याने त्यातला लसूण कमी असल्याचंही त्याच्याकडे बोलून दाखवलं म्हणे. मी काय ते समजले.) सव्वा किलो सुकट, अर्धा किलो रोट्यांचं पीठ, आणि उरलेल्या पाव किलोत हे पत्र. म्हणून जाड कागद घेतलेला नाही.

तर मुद्द्यावर येते. फेब्रुवारीत तू विचारलं होतंस की अब्बांना सांगून एकदा आमच्या खर्चाचं गणित बसतं का बघा. इमादचा पगार तीनशे ऐंशी रियाल आणि महिन्याचा खर्च चारशे तेरा. दर महिन्याला तेहतीस रियाल कुठून तरी उसने आणायचे आणि पुढच्या महिन्यात तेच फेडायचे, असं वर्षभर चाललंय. आणि इमाद म्हणतो, हे जमत नसेल तर जूनच्या सुट्टीत तुला आणि मुलांना पनवेलला आणून सोडतो, रय्यानला इथल्या शाळेत घालू, आणि मी तिकडे चौघांच्या खोलीत एक कॉट घेऊन राहतो. हे तू मला सांगितलंस आणि मग एकदम मिस्बाहच्या दाताबद्दल बोलू लागलीस. शाजिया, मी म्हातारी झाले असेन पण इतकी नाही. तुला यायचं नाही हे मला तेव्हाच कळलं, आणि त्याचा मला जराही राग आला नाही.

आता अब्बा. एकोणीस वर्षं मस्कतच्या गोदामात स्टोअरकीपर होते, तेव्हा मस्कतच्या खर्चाबद्दल बोलायचा हक्क या गल्लीत फक्त त्यांना, हे तू जाणतेस. तुझी यादी त्यांनी दोन दिवस वाचली. घरभाडं एकशे साठ, किराणा नि मासळी पंच्याऐंशी, शाळा पंचावन्न, गाडीचा हप्ता नि पेट्रोल पंचेचाळीस, लाइट-पाणी वीस, फोन आठ, घरी पाठवणे चाळीस. तिसऱ्या दिवशी म्हणाले, कागदावर काही दिसत नाही, बजेट चालवून बघावं लागतं. मी विचारलं, कुठे चालवणार? तर म्हणाले, इथेच. १ मार्चपासून आपलं घर म्हणजे शाजियाचं घर. महिना संपला की गळती कुठे आहे ते आपोआप दिसेल.

मग त्यांनी कपाटातल्या सगळ्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या आणि कोऱ्या बाजू कापून तीनशे ऐंशी रियाल तयार केले. दहाच्या, पाचाच्या, एकाच्या चिठ्ठ्या, शिवाय सुट्टे बैसा. (एका रियालचे हजार बैसा होतात हे तुला सांगायला नको. मला त्यांनी महिनाभर रोज सांगितलं.) प्रत्येक चिठ्ठीवर गोदामातून आणलेला 'माल मिळाला' असा शिक्का मारला, का तर कोणी खोट्या चिठ्ठ्या करू नयेत. घरात माणसं दोन. एक शिक्के मारत होते, म्हणजे संशय कोणावर ते बघ. सगळं दूधपावडरीच्या डब्यात भरलं आणि नियम सांगितले. घरात जे येईल ते तुला तिकडे कितीला पडतं ते यादीत बघायचं आणि तेवढ्या चिठ्ठ्या डब्यातून काढायच्या. दुकानदाराला रुपये द्यायचे, पण हिशोब चिठ्ठ्यांचा. जे शाजिया घेत नाही ते आपणही घ्यायचं नाही. पान बंद, कारण तू पान खात नाहीस. मी म्हटलं, ती अजून पस्तिशीचीही नाही, माझ्या वयाची झाली की खाईल. ऐकलं नाही.

एक तारखेला सकाळी त्यांनी घरमालक म्हणून स्वतःकडून एकशे साठ घेतले आणि स्वतःला पावती दिली. लगेच दुसरं काम, घरी पाठवणे. चाळीस रियाल मोजून पाकिटात घातले, वर मोठ्या अक्षरात 'पनवेल' लिहिलं आणि पाकीट कपाटाच्या खणात ठेवलं. घरचे पैसे पहिल्या दिवशी गेले पाहिजेत, हा त्यांचा तिकडचा जुना शिरस्ता. म्हणजे आम्ही पनवेलमध्ये बसून पनवेलला पैसे पाठवले. मग मला म्हणाले, पोचले का विचार. मी स्वयंपाकघरातून सांगितलं, पोचले, सगळे मजेत आहेत, पैसे कमी पडतात म्हणाले.

तुझ्या यादीत लाइट वीस रियाल, एसीमुळे. आपल्याकडे एसी नाही, पण एवढ्याशा गोष्टीने अडणाऱ्यातले ते नव्हेत. एसी चालू असताना खिडक्या बंद असतात, म्हणून दुपारी बारा ते चार सगळ्या खिडक्या बंद. मार्चमधलं पनवेल, शाजिया, आणि वर पंखा गरम हवा ढवळतोय. मी घामाने निथळतेय आणि हे चादर अंगावर ओढून बसलेत, का तर एसीत गारवा असतो. तिसऱ्या दिवशी समोरची शकू धावत आली. भरदुपारी घर बंद बघून तिला वाटलं, आमच्याकडे कोणी गेलं. मी दार उघडलं, तिने आधी माझ्याकडे आणि मग चादरीतल्या अब्बांकडे पाहिलं, आणि डोक्यावरून पदर घेऊन रडायलाच लागली. मेलेला माणूस उठून बसला आणि म्हणाला, दार लाव, गारवा जातोय. शकू त्यानंतर दोन दिवस आमच्या बाजूला फिरकली नाही.

मुलांच्या डब्याचंही तेच. डब्याचं सामान यादीत आहे, मग ते खपलं पाहिजे, नाहीतर आकडा खोटा पडेल. रोज सकाळी सातला मी जाम लावलेले पावाचे तुकडे दोन डब्यांत भरायचे आणि अब्बा ओट्यावर बसून आधी रय्यानचा आणि मग मिस्बाहचा डबा खायचे. वर आत येऊन नाश्ता काय आहे विचारायचे. दहा दिवसांत चक्कर यायला लागली. मी म्हटलं, साखर तपासून घ्या. तर म्हणाले, शाजियाच्या यादीत औषधपाण्याला तरतूद नाही. शेवटी मी त्यांना दवाखान्यात नेलं आणि बाहेर पडल्यावर जामची बाटली शकूच्या नातीला देऊन टाकली. (आता ठीक आहेत. गोळी वाढवली आहे. यादीत औषधाला दोन रियाल धरत जा, काटकसर कुठे करावी याला काही सुमार असतो.)

आता मैना. तुला आठवते ना ती, उरणहून मासळीची टोपली घेऊन येते, जिच्याशी घासाघीस करून करून मी लग्नानंतर बोलायला शिकले. तू तिकडे शुक्रवारी सुरमई घेतेस, तीन रियालची. म्हणून शुक्रवारी मी आंघोळीला गेलेली बघून हे स्वतः दारात बसले आणि मैनेला म्हणाले, सुरमई तीन रियालला देणार का? मैना म्हणाली, "आमी रुपयात इकतो भाई, तुमचा रियाल आमाला नाय म्हायती." अब्बांनी मोठ्या हौसेने समजावलं की एक रियाल म्हणजे एकशे सतरा रुपये, म्हणजे तीनाचे साडेतीनशे. जी सुरमई ती मला अडीचशेला द्यायची आणि मी दोनशेला मागायचे! मैना बराच वेळ विचारात पडल्यासारखं दाखवून म्हणाली, "तुमी एवरा बोलताव तं मंग तीन रियालच द्या, आमचा काय म्हननं नाय." मी ओले केस घेऊन बाहेर आले तेव्हा हे मोजून साडेतीनशे देत होते आणि मला सांगत होते, बघ कुबरा, मस्कतचा आणि पनवेलचा भाव तंतोतंत एक निघाला. तेव्हापासून मैना गल्लीच्या तोंडाशीच विचारते, रियालवाले भाई घरात हायेत का. मी असले तर पुढे निघून जाते.

पेट्रोलमध्ये तुमची शुक्रवारची सहल धरलेली आहे, तर आमचीही सहल झाली. सहा आसनी रिक्षात आठ जण बसून कर्नाळ्याला गेलो. अब्बा पुढे ड्रायव्हरला खेटून अर्धे बाहेर, कारण तुमच्याकडे इमाद पुढे बसतो. अभयारण्यात दोन तास मान वर करून फिरलो, एक कावळा दिसला. मी कुरकुर केली तर म्हणाले, पक्षी खर्चात धरलेले नाहीत. त्या दिवशी मात्र मी खूप हसले, उगीच खोटं कशाला बोलू. झाडाखाली बसून रोटी आणि सुकी कोलंबी खाल्ली, त्यांनी मला पाणी ओतून दिलं, आणि किती वर्षांनी आपण दोघंच कुठे आलो म्हणाले. पहिल्यांदाच, असं मी म्हणणार होते, पण पाणी पीत होते.

आणि मध्येच शबनम आली. अब्बांची बहीण, इमादची फुफी, दोन दिवस राहायला म्हणून हौसेने आली, हातात माझ्यासाठी गजरा. आता यादीत पाहुणे कुठेच नाहीत. कोणत्याही भल्या माणसाने त्या दिवशी यादी उशीखाली ठेवली असती. हे तिला सलाम करून म्हणतात काय, की शबनम, हे घर सध्या मस्कतमध्ये आहे, तू आली आहेस तर व्हिजिट व्हिसाचे पैसे कोणत्या खात्यात टाकू? शबनमने आधी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. मी समजावायला तोंड उघडते तोवर ती गजरा परत घेऊन जिना उतरली होती आणि संध्याकाळच्या आत द्रोणागिरीला मुलाकडे पोचलीसुद्धा. तिथून तिने सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं की भाईजानचं डोकं फिरलंय आणि भाभी त्यांना खिडक्या लावून कोंडून ठेवते. (शकूने साक्ष दिली.) मी परवा सांदण करून पाठवलं तेव्हा कुठे एक शब्द बोलली, आणि तो तुला लिहून पाठवण्यासारखा नाही.

असा तो महिना गेला. चोवीस तारखेला सकाळी डबा उघडला तर तळाला काही नाही, नुसता पावडरीचा वास. अब्बांनी डबा उलटा करून आपटला, माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग चष्मा लावून तुझ्या यादीखाली लाल शाईने लिहिलं, 'चोवीसाव्या दिवशी रक्कम संपली. अपुरे.' खाली सही, सहीवर शिक्का. आणि मी हे पत्र लिहायला बसले तेव्हा माझ्यामागे उभं राहून त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं देते: कसून तपासणी केली, कुठेही गळती सापडली नाही, खर्च सगळा रास्त आहे, पगारच तोकडा आहे. तरी शाजियाने वाईट वाटून न घेता जूनमध्ये मुलांना घेऊन पनवेलला यावं. इथे आपलं घर आहे, गच्ची आहे, शाळा रिक्षाच्या टप्प्यात आहे. इमादने हिमतीने राहावं, एकट्या माणसाला तिकडे फार लागत नाही, हे स्वानुभवाने सांगतो.

लिहिलं. त्यांनी वाचून मान डोलावली. थोरांना सलाम, लहानांना दुआ, आणि झुबेरने सुकटीला हात लावला असेल तर मला कळव.

तुझी अम्मी,
कुबरा

ता.क. अब्बा असरच्या नमाजाला गेलेत. शाजिया, आता नीट वाच. चोवीस तारखेला डबा रिकामा झाला, हे खरं. पण पंचवीसला आम्ही रोजा ठेवला नाही. मी विचारलं, आज काय शिजवू? अब्बा खाकरले, कपाटाचा खण उघडला आणि 'पनवेल' लिहिलेल्या पाकिटातून दहा रियाल काढून डब्यात टाकले. म्हणाले, उसने घेतोय. अठ्ठावीसला पुन्हा घेतले, तिसाला पुन्हा. एकतीसच्या संध्याकाळी मी पाकीट मोजलं. सात रियाल शिल्लक. मी गणितात मॅट्रिक नापास आहे, पण एवढं मलाही समजलं. तुझं अख्खं घर अख्खा महिना चाललं, सहलीसकट, वर सात उरले. फक्त चाळीस रियाल आम्हाला मिळाले नाहीत. कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत तपासणी झाली, पण त्या ओळीवर त्यांनी बोटसुद्धा ठेवलं नाही. पुढच्या महिन्यापासून ते पाठवू नका. गाळ्याचं भाडं आहे, ठेवींचं व्याज आहे, माझ्या रोट्यांना लग्नसराईत मी पुरी पडत नाही इतकी मागणी आहे. आम्ही दोघं किती खाणार? आणि तू येऊ नकोस. मी याच घरात सून म्हणून एकोणीस वर्षं त्या चाळीस रियालांची वाट बघत राहिले. सासू मला कधी उणं बोलली नाही, घर भरलेलं होतं, मला काही कमी नव्हतं, आणि मी तुला सांगते ते दिवस मला आवडले नाहीत. अब्बा सुट्टीवर यायचे तेव्हा इमाद त्यांच्यासाठी पाहुण्यांची कपबशी काढायचा. कोणी शिकवलं नव्हतं त्याला. तुझ्या रय्यानने असं करावं हे मला चालणार नाही.

ता.क. २. अब्बा परत आले आणि मला अजून लिहिताना पाहून म्हणाले, एवढं काय राहिलं? मी म्हटलं, एका बेरजेत अडकलेय. चहा दिला आणि विचारलं, तुम्ही मस्कतला होतात त्यातले घरी किती महिने होतात? त्यांना बेरीज दिली की ते नाही म्हणत नाहीत. नऊ सुट्ट्या, प्रत्येकी दोन महिने, अठरा. पाय मोडला तेव्हा तीन. एकवीस. त्यांनी पुन्हा मांडली. मग बोटांवर केली. एकवीसच आले. चहावर साय धरली तरी ते कागदाकडे बघत होते. मग उठले, पट्टी आणली, आणि 'घरी पाठवणे चाळीस' या ओळीवर लाल शाईने सरळ रेघ मारली. शाई वाळल्यावर म्हणाले, कुबरा, गळती सापडली बरं का. मी म्हटलं, सापडणारच, तुम्ही शोधत होतात. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला आणि गच्चीवर निघून गेले. कामोठ्याच्या शाळेतला प्रवेशाचा फॉर्म होता, रय्यानच्या नावाने भरलेला. तारीख फेब्रुवारीतली. पालकाचं नाव या रकान्यात इमादच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं.

ता.क. ३. तुम्हाला भेटायला आम्ही किती आतुर आहोत ते यावरून समजून घे, पण यातलं काही त्यांना कळू देऊ नकोस. शुक्रवारी ते स्पीकर लावून गळतीचा शोध आपण कसा लावला ते ऐटीत सांगतील, तेव्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐक आणि इमादलाही ऐकव. मग मी मागून म्हणेन की या जूनला तुम्ही नाही आलात तरी चालेल, पुढे कधीतरी सुट्टी काढून चौघं मिळून या आणि चौघं मिळून परत जा. मी म्हणते ते शब्द तेवढे ऐक, आवाजाकडे लक्ष देऊ नकोस.